परतीचा रकाना

प्रिय डॉक्टर (दंतवैद्यकाची पदवी हातात पडायला अजून चार महिने आहेत, पण हाकेची सवय आत्तापासून कर),

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. डावीकडे सात वाटा: ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं), सर्जरी, एंडो (रूट कॅनालचं काम), लहान मुलांचे दात, सार्वजनिक आरोग्य, परदेश, आणि सगळ्यात खाली, लाजत लिहिल्यासारखी, सरळ प्रॅक्टिस. वर सहा रकाने: किती वर्षं, किती खर्च, किती कमाई, किती मान, किती मागणी, किती ताण. प्रत्येकाला दहापैकी गुण, मग बेरीज. पहिल्या तीन वाटांत एकेका गुणाचा फरक पडतोय म्हणून तुझी झोप उडालीय.

हे क्षेत्र तुझं आहे की नाही, यावर मी शाई खर्च करणार नाही. मागच्या सुट्टीत माझ्याकडे बसायचास तेव्हा तुझा हात बघितलाय. आरशात बघून वरच्या दाढांच्या मागच्या बाजूचं स्केलिंग करत होतास, साठलेला थर खरवडत होतास, आणि पेशंटचा ओठ आरशाखाली चिमटला तेव्हा त्याच्या आधी तू दचकलास. तेवढं मला पुरे.

मी चिडले ते तू न काढलेल्या सातव्या रकान्यावर. या वाटेवर तू केलेलं काम तुझ्याकडे परत येणार आहे का? पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, तोच दात, तेच तोंड, तुझ्याच खुर्चीत? हा रकाना आधी भर. बाकीचे सहा नंतर बघू.

हे डोक्यात कुठून शिरलं ते सांगते. पदवीनंतर सहा वर्षं मी चार क्लिनिकांत फिरत होते. रूट कॅनालला बोलवायचे. हात झपाझप चालायचा, एका बैठकीत दाढ भरून मोकळी. शेवटच्या एक्सरेत गटापर्चाच्या, म्हणजे मुळांत भरायच्या रबरासारख्या पदार्थाच्या, पांढऱ्या रेषा मुळांच्या टोकापर्यंत पोचलेल्या दिसल्या की काम संपलं, पिशवी उचलायची. ‘मॅडमचा हात साफ आहे’ असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. पेशंट क्लिनिकचा. पुढे दुखलं तर तो क्लिनिकला फोन करणार, ते गोळ्या देणार, फारच झालं तर दाढ काढून टाकणार. माझ्यापर्यंत यातलं काहीच यायचं नाही. सहा वर्षांत माझी एकही केस बिघडली नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

मग स्वतःचं क्लिनिक टाकलं. दुसऱ्याच वर्षी एक बाई आल्या. वरची डावी पहिली दाढ, आपल्या नंबरांत २६. चावलं की दुखतंय, हिरडीवर मोहरीएवढी पुटकुळी. एक्सरे काढला तर तीन कॅनाल, मुळांतल्या पोकळ नळ्या, भरलेले आणि गालाकडच्या पुढच्या मुळाच्या टोकाशी काळी सावली. तुला तर पाठच असेल, या दाढेला मुळं तीन, पण त्या पुढच्या मुळात अर्ध्याहून जास्त वेळा दुसरा कॅनाल असतो, पहिल्यापासून जरासा टाळूकडे, डेंटिनच्या, दाताच्या आतल्या थराच्या, कडेखाली दडलेला. इथं तो कुणी शोधलाच नव्हता. मी च्च केलं आणि बोलून गेले, “कुणी केलंय हे? घाई केलीय.”

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, “तुम्हीच केलं होतं, मॅडम. तुम्ही तिथं मंगळवारी यायचात ना?”

असिस्टंटनं सक्शनची नळी उगाचच पुसायला घेतली.

ती दाढ मी पुन्हा उघडली. जुना गटापर्चा काढला, भिंग लावलं, डेंटिनची ती कड थोडी थोडी खरवडत राहिले. चाळीस मिनिटांनी दहा नंबरची फाइल, ती कॅनाल साफ करायची बारीक सुई, एका ठिकाणी टोचून अडकली. बोटांना जेमतेम कळेल एवढंच, फाइल मागे ओढली तर कॅनालनं धरून ठेवलेली. पहिल्या वेळी ही चाळीस मिनिटं माझ्याकडे नव्हती असं नाही. ती द्यायचं काही कारण मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी मोजायला बसले, सहा वर्षांत अशा किती २६ आणि किती १६ (तीच दाढ, उजवीकडची) केल्या असतील? मोजता येईना. नोंदच ठेवली नव्हती.

म्हणून सातवा रकाना. तो घेऊन तुझ्या वाटांवरून एकदा चालून बघ.

ऑर्थोमध्ये काम परत येतं आणि ते बघून मान खाली जाते. तारा काढल्या की दात जुन्या जागेकडे सरकायला लागतात, आणि दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर कपाटात ठेवून दिलेला मुलगा दोन वर्षांनी समोर हसतो तेव्हा तुझी सगळी मेहनत पुढच्या दातांत वाकडी झालेली दिसते. चांगली वाट आहे, फक्त तारा काढल्यानंतरच्या वर्षांत पेशंट तुझ्याकडेच येत राहील अशी व्यवस्था हवी. सर्जरी कर, पण अक्कलदाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणकत येणारं ड्राय सॉकेट, ती रक्ताची गुठळी निघून उघडी पडलेली खाच, ज्युनिअरकडे ढकलू नकोस. तूच धू. लहान मुलांचं तर विचारूच नकोस, दुधाच्या दाढेत केलेलं काम खरं की खोटं ते तिच्या जागी येणारा कायमचा दात सांगतो.

सार्वजनिक आरोग्याला तू सगळ्यात कमी गुण दिलेस, ‘चेहरे दिसत नाहीत’ म्हणून. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात झाली. त्यानंतर पंधरा वर्षं संशोधक तिथल्या शाळकरी मुलांच्या तोंडांत बघत राहिले, एकंदर जवळजवळ तीस हजार मुलं. फ्लोराइड सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांत किडीचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटलं. एका शहराच्या पाण्याला पंधरा वर्षं हिशोब मागितला त्या लोकांनी, आणि तू म्हणतोस चेहरे दिसत नाहीत.

आणि तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेला दोन दिवसांचा इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) कोर्स मला दिसला, बरं का. ब्रोनमार्क नावाचे स्वीडिश संशोधक मुळात हाडातला रक्तप्रवाह बघत होते. १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेना, हाडानं त्याला घट्ट धरलं होतं. माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले १९६५ मध्ये. जगातल्या दंतवैद्यांनी मान्य केलं ते १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर. मधल्या सतरा वर्षांत त्यांनी पेशंटांची पाठ सोडली नाही, बोलावून बोलावून बघितलं. तो पहिला पेशंट ते इम्प्लांट तोंडात घेऊन चाळीस वर्षांहून जास्त जगला. तुझ्या कोर्सचं प्रमाणपत्र रविवारी संध्याकाळी मिळणार आहे. कर कोर्स, मी अडवत नाही, पण पहिला इम्प्लांट अशाच ठिकाणी बसव जिथं दहा वर्षांनी त्याचा एक्सरे तूच काढशील.

‘किती मागणी’ हा रकाना तर फाडूनच टाक. मी शिकत होते तेव्हा ज्या गोष्टींना मागणी होती त्यातल्या निम्म्या आता कुणी विचारत नाही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्यांच्या काळात कीड पुढे पसरू नये म्हणून निरोगी खाचासुद्धा कापून फिलिंगमध्ये घ्यायच्या, तो नियम होता. १९५५ मध्ये बुओनोकोरे नावाच्या दंतवैद्यांनी इनॅमलला, दाताच्या वरच्या कठीण थराला, अ‍ॅसिड लावून त्यावर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, चिकटवून दाखवलं, आणि पुढे दात कापायची पद्धतच बदलत गेली. तुझ्या हयातीतही असं दोन-तीनदा होईल. यंत्रं बदलतील, मटेरिअल बदलेल, तेव्हा नवं खरोखर टिकतंय का हे तुला कुणाच्या जाहिरातीवरून कळणार आहे की तुझ्या खुर्चीत परत आलेल्या दातावरून?

परदेशाबद्दल थोडक्यात. दंतवैद्याचा परवाना सहसा सरहद्द ओलांडत नाही. परीक्षा पुन्हा, काही देशांत दोन-तीन वर्षं कॉलेजही पुन्हा. जायचं तर जा, पण एकदाच जा आणि तिथं रुज. दर तीन वर्षांनी देश बदलणारा माणूस म्हणजे विमानात बसलेली मंगळवारची मॅडम.

कर्जाचं मला कळतं. कर्ज आहे म्हणून टार्गेट देणारी नोकरी घ्यावी लागली तर घे, त्यात लाज नाही. सही करण्याआधी एकच प्रश्न विचार, माझ्या पेशंटची फॉलोअपची अपॉइंटमेंट मलाच मिळेल का? ‘ज्या डॉक्टरला वेळ असेल तो बघेल’ असं उत्तर आलं तर पगार कितीही असो, तिथं दोन वर्षांवर राहू नकोस. पोस्ट ग्रॅज्युएशनची जागा निवडतानाही तसंच. तिथल्या सीनिअरला गाठ आणि विचार, दोन वर्षांपूर्वीच्या केसेस परत बोलावता का? बोलावलं तर येतात का? तो हसला तर तुला उत्तर मिळालं. आणि त्याआधी एक-दोन वर्षं कुठेतरी एका जागी नुसती फिलिंग कर. आपलं काय चुकतं हे माहीत नसताना स्पेशालिस्ट व्हायला निघालास तर तीच चूक जास्त सफाईनं करायला शिकशील.

आता तू न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. पत्रात तू लिहिलंयस, ‘तुमच्यासारखं नुसतं प्रॅक्टिसमध्ये राहिलो तर’. तो ‘नुसतं’ मी दोनदा वाचला.

माझी एक मैत्रीण एंडो करून आज परिषदांमध्ये बोलते. तिच्या स्लाइडवरच्या दाढा बघत राहाव्यात अशा असतात. प्रवेश मलाही मिळाला होता. गेले नाही. विचारलं की मी सांगते, पेशंट सोडवेनात. खरं म्हणजे तेव्हा धीर झाला नाही, पेशंटांचं कारण मी मागाहून शिवलं. पण बावीस वर्षं वापरलं की शिवलेलं कारणही अंगाला बसतं. सहाव्या वर्षी जिच्या पहिल्या कायमच्या दाढेत मी कीड लागू नये म्हणून सीलंट भरलं होतं ती मुलगी परवा तिच्या बाळाला घेऊन आली, आणि आधी स्वतःच तोंड उघडून मला ती दाढ दाखवली. हे मैत्रिणीच्या कुठल्या स्लाइडवर आहे? (हे वाक्य खोडावंसं वाटतंय. राहू दे.)

तू एंडोला जावंस असं मला वाटतं, हे ऐकून तुला आश्चर्य वाटेल. तुझ्याकडे ती चाळीस मिनिटं आहेत. मी गेले नाही म्हणून तू जाऊ नकोस असं मी कधीच म्हटलं नाही, आणि तसं वाटत असेल तर पत्र पुन्हा वाच. जा आणि परत येणाऱ्या दातांजवळ राहा, एवढंच म्हणतेय. कितीदा लिहू?

मानेचंही लिहून टाकते. लेझर, कॅमेरे सगळं नंतर, आधी चांगलं स्टूल आणि लूप, म्हणजे भिंगाचा चष्मा, घे. माझी मान आता उजवीकडे पूर्ण वळत नाही, आणि मान गेली की परत येणाऱ्या पेशंटला बघणार कोण?

आणि एक वही कर. चार रकाने: तारीख, दाताचा नंबर, काय केलं, काय खटकलं. चौथा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो पेशंट खुर्चीतून उठायच्या आत भरायचा, कारण दाराबाहेर पडेपर्यंत मन स्वतःला माफ करून मोकळं झालेलं असतं. माझ्या वहीत एक ओळ आहे, ‘३६, मागची बाजू, मॅट्रिक्स नीट बसला नाही, हिरडीतून रक्त येत होतं.’ (३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ, मॅट्रिक्स म्हणजे फिलिंग भरताना दाताभोवती लावायची पट्टी.) तीन वर्षांनी त्याच दाढेच्या एक्सरेत फिलिंगखाली, मागच्या बाजूला, हिरडीच्या कडेशी काळी रेघ. ओलसर जागेत कंपोझिट, ते दाताच्या रंगाचं फिलिंग, धरत नाही हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. तरी त्या दिवशी बाहेर दोन पेशंट थांबलेत म्हणून तसंच भरलं. ती ओळ आणि तो एक्सरे मी शेजारी शेजारी ठेवलेत. गेल्या दहा वर्षांत रबर डॅम (दात कोरडा ठेवणारी रबराची चादर) न लावता मी त्या जागी कंपोझिट भरलेलं नाही.

तर तक्ता परत पाठव, सातव्या रकान्यासह, आणि त्यात गुण देऊ नकोस. प्रत्येक वाटेसमोर एक वाक्य लिही: कोण, किती वर्षांनी, कशासाठी तुझ्याकडे परत येईल. जिथं लिहायला काही सुचणार नाही ती ओळ कोरी सोड, मी विचारणार नाही.

२६ वाल्या बाई अजून वर्षातून एकदा येतात, वीस वर्षं झाली. या गुरुवारी त्यांची वेळ आहे. या खेपेला फोनवर म्हणाल्या, थोडं जड वाटतंय चावताना. कॅपचं असेल, किंवा नसेल. एक्सरे काढला की त्यांना विचारून, नाव झाकून, तुला पाठवते. मी काय वाचलं ते कळवणार नाही. आधी तुझं लिहून पाठव.

तुझी,
मॅडम