नवमीचं पान

प्रिय सई,

परवा लातूरहून मामाने व्हिडिओ कॉलवर आजीचं पान दाखवलं, तेव्हा तू दोन गोष्टी विचारल्यास. आजी होळीच्या आसपास गेली, मग पान आत्ता का वाढलं? आणि ती इतकी वर्षं नर्स होती, ते तिथे कुणीच कसं बोललं नाही? तुझी शाळेची घाई होती, म्हणून आता सावकाश लिहिते.

भाद्रपदातला वद्य पक्ष म्हणजे पितृपक्ष. माणूस ज्या तिथीला गेलं, त्या तिथीला या पंधरवड्यात त्याच्या नावाने पान वाढतात, कावळ्याला घास ठेवतात. पण नवऱ्याच्या आधी जी बाई जाते, तिची तिथी कुठलीही असो, तिच्यासाठी नवमी ठरलेली. तिला अविधवा नवमी म्हणतात. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, तिची खणानारळाने ओटी भरायची. फाल्गुनातलं वर्षश्राद्ध वेगळं, तेही होतंच.

दुसरा प्रश्न मात्र दिवसभर डोक्यातून जाईना. गुरुजींनी आजीचं नाव घेतलं, गोत्र घेतलं. आजोबांची बायको म्हणून तिला पान मिळालं. तिने आयुष्यभर जे काम केलं त्याला त्या विधीत जागा नाही. ते घरच्यांनीच सांगायचं असतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ, लातूरपासून साधारण 40 किलोमीटरवर. तिकडची घरं माळवदाची, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपेतल्या माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली.

आम्ही सगळे अंगणात उभे होतो. आजीने तेवढ्यात साडी बदलली, केस बांधले आणि ती दवाखान्यात निघाली. कुणी बोलावणं पाठवलं नव्हतं. उजाडल्यावर जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, मिळेल त्यातून जखमी यायला लागले. आजी सांगायची, आधी माणूस ओळखूच येत नसे. नाकातोंडात, डोळ्यांत, कानांत माती. ती सलाईनची बाटली घेऊन एकेकाचे डोळे धुवायची, बोटाला ओला गॉज गुंडाळून तोंडातली माती काढायची आणि मग नाव विचारायची. ज्याला नाव सांगता आलं, त्याचं नाव आणि गाव चिठ्ठीवर लिहून मनगटाला चिकटपट्टीने लावायची. पुढे त्या चिठ्ठ्यांवरून कितीतरी नातेवाइकांना आपली माणसं सापडली. हे तिने मला फार उशिरा सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

दोन-तीन दिवस ती घरी आलीच नाही. भूकंपाचे धक्के चालू होते, आम्ही बाहेरच झोपत होतो. आजोबा चुलीवर पिठलं-भाकरी करून डबा पोचवायचे आणि तिची साडी धुवायला घेऊन यायचे. तेव्हा नर्सेसना पांढरी साडी होती. भाताच्या पेजेची खळ घालून, कोपरे ताणून ती वाळत घालण्यात आजोबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती निवृत्त होईपर्यंत हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. नात्यातल्या बायका म्हणायच्या, सवाष्णीने रोज पांढरं नेसून बाहेर पडू नये. आजोबा दारातच सांगायचे, “त्या साडीवर घर चालतंय, आणि दवाखानाही.”

आता परवाच्या पंगतीतलं तुला माहीत नसलेलं सांगते. आजोबांच्या शेजारी जेवायला बसलेल्या, जाड चष्म्याच्या ज्या बाई तुला दिसल्या, त्या आजीबरोबर वॉर्डात होत्या. भूकंपाच्या त्या दिवसांतही दोघी बरोबर होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. रीतीप्रमाणे नवमीला त्यांना बोलवत नाहीत. मामाने हळूच आजोबांना तसं सुचवलं. आजोबा म्हणाले, “तिच्या पंगतीला कोण हवं ते मला ठाऊक आहे.” मामीने त्यांची ओटी भरली. त्यांनी आधी हात मागे घेतला, मग पदर पुढे केला.

मला आजोबांचं अगदी पटलं. नवमी मला हवी आहे. वर्षातला एक दिवस घरातली गेलेली बाई आठवायची, तिच्या आवडीचं रांधायचं, हे सोडावं असं मला कधीच वाटणार नाही. पण पाटावर बसणारीचा नवरा आहे की नाही, ही अट मी पाळणार नाही. ज्या बाईने कुणाचं सौभाग्य न विचारता माणसं वाचवली, तिच्या नावाच्या दिवशी तर नाहीच.

आणखी एक. बऱ्याच घरांत हे श्राद्ध नवरा हयात असेपर्यंतच करतात, पुढे बंद होतं. आपल्याकडे ते बंद होणार नाही. पुढच्या वर्षी इथे लीड्समध्ये आपणही पान वाढू. खीर, वडे, कढी मी करीन. शेंगदाण्याची चटणी तू कुट, ती आजीला रोज लागायची. तुझ्या वर्गातल्या मुलाची ती केरळची आई इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे ना, तिला जेवायला बोलवू. तिची कोणती शिफ्ट असते ते विचारून ठेव.

तुझी,
आई