परतीची गाडी किती वाजता?

(सातारा विभागात एस.टी.च्या वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्या ताई जत्रा-यात्रांच्या प्रवासाविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सासूबाई ७७ वर्षांच्या आहेत. पालीच्या खंडोबाचं लग्न एकदा डोळ्यांनी बघायचंच, असा त्यांचा हट्ट आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. न्यावं का, आणि कसं? – एक सूनबाई, चिंचवड

न्या की. फक्त स्टँडवर नुसतं ‘पाली’ म्हणू नका, बल्लाळेश्वराच्या गाडीत बसवतील आणि खंडोबाऐवजी गणपतीचं दर्शन होईल. आपली पाली कराड तालुक्यातली, तारळी नदीकाठची. पुण्याहून कराड, सांगली, कोल्हापूर, कुठलीही गाडी त्या वाटेनंच जाते; पण पालीसाठी उतरायचं उंब्रजला, तिथं गाडी थांबणार का, ते पायरीवर पाय ठेवायच्या आधी विचारा. विनाथांबा गाडीत बसून मग वाहकाशी भांडणाऱ्यांची मला अजून स्वप्नं पडतात.

सासूबाईंना पंच्याहत्तरी उलटलेली, म्हणजे २०२२ पासून त्यांना एस.टी. फुकट. तुम्हाला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आधारकार्ड त्यांच्या पिशवीत नको, तुमच्या पर्समध्ये ठेवा. फुकट असलं तरी त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, ते घ्या आणि उतरेपर्यंत जपा.

आता मुद्द्याचं. जाण्याचं सगळे विचारतात, परतीचं कुणी विचारत नाही. लग्न गोरज मुहूर्तावर लागतं. माणसं सकाळपासून तुकड्या-तुकड्यांनी येतात, त्यामुळं येताना जागा मिळते. अक्षता पडल्या की मात्र सगळी वरात एकदम स्टँडकडं वळते, आणि पौषातला दिवस, अंधार लगेच. यात्रेचं तात्पुरतं स्टँड गावाबाहेर असतं, तिथपर्यंत चालावं लागतं. जादा गाडी वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. ७७ वर्षांच्या बाईंना त्या रेटारेटीत दारातून वर चढवणं दोन धडधाकट माणसांचं काम आहे. म्हणून त्या रात्री चिंचवड गाठायचा विचारच सोडा. उंब्रजला, कराडला किंवा साताऱ्याला कुणी पाहुणे असतील तर आदल्या दिवशीच या, लग्नाच्या रात्रीही तिथंच राहा. पाहुणे नसतील तर लॉज बघा, पण बुकिंग आधी करा.

देवाचे मुखवटे पोटाशी बांधून मानकरी निघतात, मिरवणूक नदी ओलांडून बोहल्याकडं जाते. तुम्ही मिरवणुकीबरोबर चालू नका. दुपारीच जाऊन जरा उंचावरची, गर्दीच्या कडेची जागा धरा आणि बसून राहा. सकाळी गर्दी वाढायच्या आत देवळात दर्शन उरकलेलं बरं. नव्या साड्या नेसू नका. भंडारा इतका उधळतात की माझ्या तिकिटाच्या मशीनच्या बटणांत तो महिनाभर निघायचा. दम्याचा त्रास असेल तर नाकाला ओला रुमाल. आणि एक गोष्ट बायकाच बायकांना सांगतात : उंब्रजच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या दोघी जाऊन या, पुढं सोय असेलच याचा भरवसा नाही.

सासूबाईंना एक विचारा माझ्यातर्फे. पौषात माणसांची लग्नं लावत नाहीत आणि देव मात्र नेमका याच महिन्यात म्हाळसेशी बोहल्यावर चढतो, हे कसं? माझ्या आजीचं उत्तर होतं, ‘त्याला कोण विचारणार!’

प्रश्न : काळूबाईचा नवस फेडायचा आहे. पण २००५ सालचं आठवून आई पौष पौर्णिमेला जाऊ देत नाही. – एक वाचक, भोर

आईचं ऐका. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या डोंगरावर काय झालं ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. नारळाच्या पाण्यानं आणि तेलानं ओल्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली, मागचा रेटा थांबेना, वरून दुकानांना आग लागली. अडीचशेहून जास्त जीव गेले. त्यानंतर बंदोबस्त पुष्कळ वाढला, पण वाट डोंगराचीच आहे. नवसाला पौर्णिमाच हवी, असं देवीनं कुणाला लिहून दिलेलं नाही. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि अमावास्या सोडून कुठल्याही दिवशी सकाळी जा. तुम्हाला भोरकडूनही घाट आहे, वाईला वळसा घालायची गरज नाही. चढण्याआधी शेवटची गाडी खाली कधी जाते ते विचारून घ्या.

प्रश्न : बावधनच्या बगाडाचे फोटो अगदी पुढून, बैलांसमोरून घेता येतील का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

नाही. बगाड म्हणजे नवसाच्या माणसाला उंचावर बांधून बैलांनी ओढायचा लाकडी गाडा. एवढ्या बैलांना एकदा ओढ लागली की ते समोर कोण उभं आहे ते बघत नाहीत. रंगपंचमीला सकाळी सोनेश्वराला जा, बगाड निघताना बघा, मग शेताच्या उंच बांधावर उभे राहा. ‘काशिनाथाचं चांगभलं’ जवळ आलं की आणखी मागं सरका.

प्रश्न : जत्रेला वडापनं (खासगी जीपनं) जावं की एस.टी.नं? – एक वाचक, कोरेगाव

मी एस.टी.ची, माझं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. पण खोटं बोलणार नाही, फाट्यापासून गावापर्यंतच्या शेवटच्या पट्ट्यात वडापशिवाय गत नसते. जाताना बसा. रात्री परतताना जीपच्या मागच्या फळकुटावर लोंबकळून घाट उतरणार असाल, तर नको. शिवाय तिथं बायकांना अर्धं तिकीट नाही आणि भाडं ‘आज जत्रा आहे’ म्हणून वाढतं.

प्रश्न : लग्न होऊन सांगलीत आले. घरी दीड दिवसाचा गणपती असतो. तासगावचा रथही त्याच दिवशी. दोन्ही जमेल का? – एक नवी सून, सांगली

तासगाव माझं माहेर, तेव्हा जरा पक्षपात होईल. ऋषिपंचमीचा तो रथ बघायलाच हवा. तीन मजली लाकडी रथ, ना इंजीन ना बैल, नुसते दोरखंड आणि ओढणारी माणसं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या देवळाचं सात मजली गोपुर मागं आणि गुलालात बुडालेली पेठ पुढं. गणपती मंदिरापासून काशीविश्वेश्वरापर्यंत रथ जातो आणि परत येतो. दोराला हात लावल्याशिवाय आमच्याकडं कुणी घरी जात नाही.

अंतर पंचवीसेक किलोमीटर, ते काहीच नाही. अडचण गावात आहे. रथ हलला की पेठेतले रस्ते बंद. तेव्हा सकाळी लवकर निघा, गोपुर आणि सजलेला रथ नीट बघून घ्या, दुपारी रथ निघाला की दोराला हात लावा आणि तिथूनच मागं फिरा. पूर्ण फेरी बघायच्या नादी लागू नका. गाडीसाठी मुख्य स्टँड धरू नका, गर्दीच्या बाहेर सांगली रस्त्याला चालत या आणि गाडी कुठून सुटते ते तिथल्या पोलिसाला विचारा. सांगलीत विसर्जनाला संध्याकाळ होतेच. तरी उत्तरपूजेची तयारी निघण्याआधी करून ठेवा आणि उशीर झाला तर आरती कोण म्हणणार, हे नवऱ्याशी आदल्या रात्री ठरवा.