बाख, हँडल की विवाल्डी? आणि एकच रचना प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये वेगळी का वाटते?

तुमचे दोन प्रश्न आहेत: अठराव्या शतकातल्या या तीन युरोपियन संगीतकारांत थोर कोण, आणि हँडलचा 'मेसाया' (गायक, कोरस आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना) एका रेकॉर्डिंगमध्ये धीरगंभीर तर दुसऱ्यात चपळ का वाटतो. दुसरा आधी घेतो, पहिला निम्मा त्यातच सुटतो.

वाद्यवृंद-संचालक टॉमस बीचमचं १९५९ चं 'मेसाया' ऐका. त्यातल्या झांजा आणि ट्रायँगल हँडलने लिहिलेलेच नाहीत, ती युजीन गूसेन्स या संगीतकाराने केलेली नवी वाद्ययोजना आहे. मग जुन्या वाद्यांवर वाजवून घेणाऱ्या ख्रिस्टोफर हॉगवुडचं १९८० चं लावा. १७५४ साली लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमात जो प्रयोग झाला, त्याच्या हिशेबाच्या नोंदी शिल्लक आहेत. त्यात वादक चाळीसच्या आसपास, आणि हॉगवुडने तोच प्रयोग समोर ठेवला. फुगवण्याची हौस जुनीच आहे. हँडल जाऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच, १७८४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या स्मरणार्थ पाचशेहून जास्त गायक-वादक जमवले होते.

पण खरी मेख संख्येत नाही, कागदावर किती लिहिलंय यात आहे. हँडल ऑपेराचा माणूस. त्याच्या आरियाचा, म्हणजे एकट्या गायकाच्या गाण्याचा, पहिला भाग शेवटी पुन्हा येतो, तेव्हा गायकाने तो नटवून गायचा हे गृहीतच असे. आपल्याकडे बंदिशीचा कागद पाहून मैफल कळत नाही, तसंच हे. त्याच्या ऑर्गन कॉन्चेर्टोंच्या (एकटा वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांच्या) छापील प्रतीत तर मधेच 'ऑर्गन, मर्जीनुसार' असं लिहून जागा मोकळी सोडलेली दिसते. तिथे तो स्वतः बसून आयत्या वेळी वाजवायचा, पुढे दृष्टी गेल्यावरही.

बाख याच्या अगदी उलट. नटवणंसुद्धा तो स्वरात लिहून टाकतो. १७३७ साली योहान आडोल्फ शायबे या टीकाकाराने नेमकी हीच तक्रार केली होती: हा वादकाला काही शिल्लकच ठेवत नाही. आणि हाच बाख तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत दोन जलद भागांच्या मधे फक्त दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) लिहून मोकळा होतो! कुणी तेवढेच दोन वाजवतात, कुणी त्यावर हार्पसिकॉर्डचा (पियानोआधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) किंवा व्हायोलिनचा छोटा विस्तार करतात, कुणी बाखच्याच दुसऱ्या रचनेतला संथ भाग आणून बसवतात.

बाखच्या कोरसमध्ये माणसं किती, यावर तर अजून भांडणं चालू आहेत. १७३० साली लायप्झिगच्या नगरपरिषदेला दिलेल्या निवेदनात तो प्रत्येक गायकवृंदाला किमान बारा, शक्यतो सोळा गायक मागतो. संगीत-अभ्यासक जोशुआ रिफकिनने १९८१ पासून मांडलं की ही यादी हाताशी किती गायक असावेत त्याची आहे, प्रत्यक्षात एका स्वरपंक्तीला एकच गायक गात असे. मला बाखचा 'बी मायनर मास' (चर्चच्या प्रार्थनेची मोठी रचना) तसाच आवडतो, प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते.

जुन्या वाद्यांची रेकॉर्डिंगं खालच्या पट्टीतली वाटतात ती ४१५ हर्ट्झमुळे, म्हणजे 'ए' हा स्वर आजच्या ४४० ऐवजी ४१५ ला लावल्यामुळे. आजच्या पेटीवरची पांढरी सहा दाबायच्या जागी काळी चार. हा आकडा मात्र आजच्या वादकांनी सोयीसाठी ठरवलेला आहे, त्या काळी गावागणिक पट्टी बदलायची. तारा आतड्याच्या, व्हायोलिनचा गज वेगळ्या बाकाचा, त्यामुळे आवाज लहान पण शब्दोच्चारासारखा स्पष्ट.

विवाल्डीवर मात्र सगळ्यात जास्त अन्याय होतो. त्याच्या 'चार ऋतू' या कॉन्चेर्टोंमधल्या 'वसंत'चा संथ भाग घ्या. व्हायोलिन म्हणजे झोपलेला गुराखी, व्हायोला म्हणजे त्याचा भुंकणारा कुत्रा. विवाल्डीने व्हायोलासाठी स्पष्ट लिहिलंय, कायम खूप जोरात आणि ओरबाडून वाजवा. तरी कित्येक वाद्यवृंद तो कुत्रा इतका सभ्य करून ठेवतात की तो पाहुण्यांना चहा आणून देईल. बाखने मात्र याच विवाल्डीचे कॉन्चेर्टो कीबोर्डसाठी उतरवून काढले, चार व्हायोलिनांचा एक तर चार हार्पसिकॉर्डांसाठी केला.

आता थोर कोण. माझं मत बाख, आणि कारण वरचंच: तो सिंथेसायझरवर वाजवला तरी उभा राहतो, हँडल मात्र आळशी गायकाच्या हाती गेला की कोसळतो. म्हणून हँडलचं रेकॉर्डिंग निवडताना आधी गायक पाहा. त्या काळच्या लायप्झिगकरांना विचारलं असतं तर त्यांनी टेलेमान या दुसऱ्याच संगीतकाराचं नाव घेतलं असतं. बाखची तिथली चर्चच्या संगीतप्रमुखाची नोकरी १७२२ साली आधी त्यालाच देऊ केली होती, पण हाम्बुर्गने पगार वाढवला आणि तो तिथेच राहिला.