किती हजेऱ्या बुडतील?

वाचकांचे प्रश्न : या वेळी व्यसनमुक्तीबद्दल, पुण्यातल्या हातावर पोट असलेल्या घरांतून आलेले

प्रश्न : माझे मिस्टर वाघोलीला सेंट्रिंगच्या कामावर आहेत. रोज देशीच्या तीन-चार क्वार्टर लागतात, पहिली सकाळी उठल्या उठल्या. मागच्या महिन्यात देवीची शपथ घालून बंद केली, तर दुसऱ्याच दिवशी फिट आली. आता एके ठिकाणी महिनाभर भरती करा म्हणतात. एवढ्या हजेऱ्या बुडाल्या तर खोलीचं भाडं कुठून देऊ? घरी राहून सुटेल का?

ताई, त्यांनी शपथ पाळली, म्हणूनच फिट आली. रोज एवढी दारू पोटात जात असली की मेंदू तिच्या गुंगीशी झगडून जागा राहायला शिकतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते, झगडा मात्र चालूच राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. फिट यायची तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी असते, आणि नेमकं तेव्हाच घरचे ‘बाहेरचं काही लागलं’ म्हणून अंगारा लावत बसतात.

एकदा फिट येऊन गेली आहे, त्यामुळे त्यांची सुरुवात घरी नकोच. पण दारू उतरवण्याच्या औषधोपचाराला महिना लागत नाही, साधारण पाच ते सात दिवस पुरतात. ससूनचा मानसोपचार विभाग किंवा येरवड्याचं मनोरुग्णालय इथे सकाळी लवकर केसपेपर काढा आणि ‘आधी फिट आली होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. तिथे मेंदूचा हा झगडा शांत करणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या आधी पुरेशा देऊन रोज कमी करत नेतात. काविळीची लक्षणं असतील तर लोराझेपाम ही त्याच वर्गातली गोळी वापरतात. सोबत थायमिनचं, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. शरीरात थायमिन नसताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम मोडू नये. भरती होईपर्यंत दारू एकदम तोडूही नका, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी.

मध्येच फिट आली तर कुशीवर वळवा, दातांत चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, १०८ ला फोन करा.

ज्यांना कधी फिट किंवा भास झालेले नाहीत, कावीळ नाही, घरी पाच दिवस सोबतीला जागं माणूस आहे, त्यांना डॉक्टर घरी राहून गोळ्या देऊ शकतात. त्या एक-दोन दिवसांच्याच मागून घ्या आणि घरच्या माणसाच्या हातात ठेवा, कारण गोळीवर दारू प्यायली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. हा कोर्स फसतो तो बहुतेक दोनच ठिकाणी. ‘बरं वाटतंय’ म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात, नाहीतर दुपारची गोळी घेऊन माणूस परांचीवर चढतो. गोळ्या चालू असेपर्यंत उंचीवरचं काम आणि कटर मशीन बंद. म्हणून तुमचा हिशेब आठ-दहा हजेऱ्यांचा धरा.

पुढे ओढ कमी करण्याची औषधं आहेत. अकॅम्प्रोसेटच्या दिवसाला सहा गोळ्या घ्याव्या लागतात, साइटवर ते जमत नाही. नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी घेऊन माणूस कामावर जाऊ शकतो; आधी लिव्हरची तपासणी हवी. मात्र या गोळीमुळे अफूवर्गातली वेदनाशामकं लागू पडत नाहीत. साइटवर पडझड झाली तर डॉक्टरांना हे कळायला हवं, म्हणून खिशात चिठ्ठी ठेवा. आणि खर्ची, म्हणजे हातखर्चाची उचल, मिळते त्या दिवशी संध्याकाळी त्यांना एकटं सोडू नका. त्यांच्याच संमतीनं ठेकेदाराला सांगून खर्ची तुमच्या हातात घेता आली तर उत्तम. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आपसातल्या गटाच्या सभा मोफत असतात. घराजवळची, सुटीनंतर गाठता येईल अशी निवडा.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांचा ‘निश्चय कच्चा’ असं म्हणणं सोपं आहे. आमच्या मते त्यातल्या पुष्कळांचं गणित तुमच्यासारखं भाड्याशी येऊन अडलेलं असतं.

प्रश्न : ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पावडर मिळते. भाजीत मिसळून दिली तर चालेल का? (घरकाम करणाऱ्या ताई, जनता वसाहत)

नाही. अशा पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल तर ते गुपचूप देणं फार धोक्याचं. हे औषध पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो; हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावूही शकतो. ज्याला औषधाची कल्पनाच नाही तो ‘आज दारू लागली’ म्हणून आणखी पितो. शुद्धीवर आल्यावर जेवणावरचा विश्वास उडतो, मग घरातलं कुणी दिलेली साधी तापाची गोळीही घेत नाही.

माणसाच्या संमतीनं, तपासण्या करून, शेवटच्या घोटानंतर किमान २४ तासांनी डॉक्टर हेच औषध देतात, आणि तेव्हा त्याचा उपयोग होतो. बंद केल्यावरही त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, ती टाळा. त्या माणसाला टीबीचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगाच: डायसल्फिराम आणि टीबीवरचं आयसोनियाझिड एकाच शरीरात एकत्र झाले तर तोल जातो, वागणं बिघडतं.

प्रश्न : आमच्या कचरावेचक गटातल्या बऱ्याच जणी सकाळी मशेरी लावतात. न लावल्यास पोट साफ होत नाही म्हणतात. खरं का?

खरं आहे. निकोटिनमुळे आतड्याची हालचाल वाढते. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते, मग शरीर सावरतं. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, गरज पडली तर इसबगोल. दिवसातून किती वेळा लावता ते मोजा आणि दर तीन दिवसांनी एक वेळ कमी करा. सकाळची शेवटी सोडा, ती सगळ्यांत चिवट. दोन मिलिग्रॅमची निकोटिनची गम-गोळी घेतलीत तर ती साध्या च्युइंगमसारखी सतत चघळू नका. चरचरली की गालात ठेवा, चरचर गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. चहानंतर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर ती लागू पडत नाही. १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल किंवा तीन बोटं मावतील एवढं तोंड उघडत नसेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : स्टेशनजवळची दहा-बारा वर्षांची मुलं रुमालावर सोल्युशन (पंक्चरचं चिकटद्रव) ओतून हुंगतात. बालवाडी चालवताना आम्ही काय करू शकतो?

आधी एक गोष्ट टाळा: हुंगत असलेल्या मुलाच्या मागे धावू नका, ओरडू नका. त्या वाफेनं हृदय नाजूक झालेलं असतं. दचकून, पळून ठोका बिघडला तर मूल जागच्या जागी कोसळू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत आणा आणि शेकोटी-सिगारेट दूर ठेवा.

सोल्युशन सोडवणारं खास औषध नाही. भूक, थंडी आणि रात्रीची भीती या तिन्हींवर त्यांना तो स्वस्तातला उपाय सापडलेला असतो, म्हणून रोज ठरलेल्या वेळी जेवण आणि झोपायला सुरक्षित जागा हाच उपचाराचा पाया. वेळ चुकवू नका, दोनदा चुकली की मुलं फिरकत नाहीत. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा, तिथून बालकल्याण समितीपर्यंत जाता येतं. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दुकानदाराला हे एकदा नीट समजावून सांगा.

प्रश्न : शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात भावाला ठेवलं. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले. भेटू देत नाहीत. सुटून आलेला एक मुलगा सांगतो, रात्री साखळीनं बांधतात.

साखळीनं बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार पूर्ण बंदी आहे. दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक त्रास या कायद्यात येतात. भाऊ स्वतःच्या मर्जीनं दाखल झाला असेल तर त्याला घरी जाण्याची मागणी करता येते. डॉक्टर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवू शकतात. मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांची स्वतंत्र तपासणी लागते, तीही ३० दिवसांपुरती. नातेवाइकांशी बोलण्याचा हक्क कुणाला काढून घेता येत नाही.

केंद्रावर जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: नोंदणी प्रमाणपत्र, दाखल करतानाचे कागद, रोज येणाऱ्या डॉक्टरांचं नाव. टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि याच कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणारं, शिवाजीनगर न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्यासाठी १५१०० वर फोन करा. भावाला आणताना पैशांच्या पावत्या आणि चालू औषधांची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. झोपेच्या गोळ्या चालू असतील आणि त्या एकदम बंद झाल्या, तर दारूसारखीच फिट येऊ शकते. त्याला थेट घरी न नेता आधी ससूनला दाखवा.