एमएस आणि स्टेम सेल प्रत्यारोपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या (एमएस) मागच्या लेखानंतर नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे मेंदूविकार आणि रक्तविकार या दोन्ही विभागांतल्या डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत.

माझ्या पत्नीला (वय 34) पाच वर्षांपासून एमएस आहे. इंजेक्शन एकदाही चुकवलं नाही, तरी गेल्या वर्षात दोन अटॅक आले. स्टेम सेल दिल्यावर खराब झालेल्या नसा पुन्हा तयार होतात असं कळलं. तिला उपयोग होईल का? (मानेवाडा)

नसा पुन्हा तयार होत नाहीत. तरीही तुमच्या पत्नीसाठी या उपचाराचा विचार नक्की करायला हवा. एमएसमध्ये शरीराच्या स्वतःच्याच लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलीनचं आवरण पोखरतात. प्रत्यारोपणात जोरदार केमो देऊन या पेशी काढून टाकतात आणि आधीच साठवलेल्या रुग्णाच्या मूळपेशी (स्टेम सेल) परत चढवतात. आजारावर काम करते ती केमो. मूळपेशी असतात त्या रक्त लवकर सावरावं म्हणून.

यामुळे कोणाला फायदा होईल हेही ठरतं. दाह चालू असेल, म्हणजे अटॅक येत असतील आणि एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट घेणारे नवे डाग दिसत असतील, तर विझवण्यासारखं काही असतं. वय साधारण 45 च्या आत, आजार दहा वर्षांच्या आतला, रुग्ण आधाराशिवाय चालणारा आणि चांगल्या औषधावर असूनही अटॅक येणारा, अशा रुग्णांत निकाल सर्वांत चांगले आहेत. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मिस्ट चाचणीत असेच 110 रुग्ण होते. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 3 जणांचं अपंगत्व वाढलं, तर औषधांवर ठेवलेल्यांपैकी 34 जणांचं. मृत्यू एकही नाही. मात्र ऑक्रेलिझुमॅबसारखं आजचं प्रभावी औषध त्या तुलनेत नव्हतं, हे लक्षात ठेवा. म्हणून पहिला प्रश्न न्यूरोलॉजिस्टना हा विचारा : सध्याचं इंजेक्शन सौम्य गटातलं आहे का? असेल, तर रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब किंवा नॅटालिझुमॅब वापरून पाहिल्याशिवाय प्रत्यारोपणाकडे जाऊ नये, असं आमचं मत आहे.

दुसरं, अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या दोन अँटिबॉडींच्या तपासण्या झाल्या नसतील तर आधी करून घ्या, शक्यतो सेल-बेस्ड पद्धतीने. त्यांतून ओळखू येणारा एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा आजार एमएससारखाच दिसतो, आपल्याकडे तो कमी नाही, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. एमएसची काही औषधं तर एनएमओ बिघडवतात.

वय 52. पंधरा वर्षांपासून आजार, अटॅक असे येत नाहीत, पण पाय हळूहळू जात आहेत. आता वॉकर लागतो. एका क्लिनिकने पाठीतून स्टेम सेल सोडण्याचे काही लाख सांगितले आहेत. (सक्करदरा)

पैसे देऊ नका. ते क्लिनिक जे विकतंय त्यात केमो नाही. चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या मेसेनकायमल प्रकारच्या मूळपेशी पाठीच्या कण्यात सोडतात, एवढंच. या पेशी शिरेतून देऊन 144 रुग्णांवर झालेल्या मेसेम्स चाचणीचा निकाल 2021 मध्ये आला : एमआरआयवरचे नवे डाग खोट्या औषधाच्या तुलनेत कमी झाले नाहीत. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा प्रयोग नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकला सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. तो मिळाला नाही तर तिथून उठा.

केमोसहित खरं प्रत्यारोपणही तुमच्या टप्प्यावर सुचवता येत नाही. दाह ओसरून नसाच झिजत असतील तेव्हा केमोचा धोका पूर्ण राहतो आणि फायदा फार थोडा. तेच पैसे फिजिओथेरपी, पायाचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन आणि मूत्राशयाच्या उपचारांवर खर्च केलेत तर चालणं अधिक काळ टिकेल.

प्रत्यक्षात काय काय करतात? दवाखान्यात किती दिवस? (धरमपेठ)

दोन टप्पे असतात. पहिल्यात मूळपेशी रक्तात आणतात. त्यासाठी जी-सीएसएफची (पांढऱ्या पेशी वाढवणारी) इंजेक्शनं देतात, पण ती एकटी दिली तर एमएसचा अटॅक येऊ शकतो. म्हणून आधी सायक्लोफॉस्फामाइडचा एक डोस, बहुधा शरीराच्या दर चौरस मीटरला 2 ग्रॅम, दिला जातो. साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या करणाऱ्या अफेरेसिस मशीनवर तीन-चार तास बसवून पेशी गोळा करतात. वजनाच्या दर किलोमागे किमान 20 लाख सीडी34 पेशी, म्हणजेच मूळपेशी, लागतात. 60 किलोच्या माणसाला 12 कोटी. त्या डीएमएसओ हे गोठताना पेशी जपणारं द्रव्य मिसळून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

दुसरा टप्पा काही आठवड्यांनी, तीन ते चार आठवड्यांच्या मुक्कामाचा. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एकीत किलोमागे 50 मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड चार दिवस, म्हणजे 60 किलोला रोज 3 ग्रॅम, आणि सोबत सशापासून बनवलेलं एटीजी हे लिम्फोसाइट मारणारं औषध देतात. या केमोचा विषारी अंश लघवीतून जाताना मूत्राशयाला जखमा करतो. म्हणून भरपूर सलाइन आणि मेस्ना देतात. एमएसच्या रुग्णाचं मूत्राशय अनेकदा पूर्ण रिकामं होत नाही, तिथे हा धोका अधिक. तुंबण्याचा त्रास असेल तर दाखल होतानाच सांगा, म्हणजे कॅथेटर वेळेवर बसेल.

एटीजीने थंडी वाजून ताप भरतो आणि तापात पाय एकदम लाकडासारखे होतात, नजर अंधुक होते. घरच्यांना वाटतं, नवा अटॅक आला. बहुतेक वेळा तो उष्णतेचा परिणाम असतो आणि ताप उतरला की ओसरतो. ताप दबावा म्हणून स्टेरॉइड सोबतच चालू असतं.

पेशी परत देण्याचा दिवस त्या मानाने साधा. गोठलेली पिशवी खाटेशेजारी 37 अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि लगेच रक्तासारखी चढवतात. डीएमएसओमुळे रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास एक-दोन दिवस येत राहतो, त्याने घाबरू नका. खरा कसोटीचा काळ पुढचे नऊ ते बारा दिवस. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ शून्यावर येतात, केस गळतात, तोंड येतं, प्लेटलेट चढवाव्या लागतात. त्या रेडिएशन दिलेल्याच हव्यात. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात.

सुरुवातीपासूनचे सगळे अभ्यास एकत्र केले तर या उपचारातले मृत्यू शंभरात दोनच्या आसपास होते. अलीकडे अनुभवी केंद्रांत ते हजारात दोन-तीनवर आले आहेत. म्हणून केंद्र निवडताना घराजवळ आहे का यापेक्षा तिथे एमएसच्या किती रुग्णांचं प्रत्यारोपण झालं आहे हे विचारा. नागपूरबाहेर जावं लागलं तरी चालेल.

आमच्या घरात सिकलसेल आहे. भावाचा रिपोर्ट ‘एसएस’ आहे, माझा कधी केला नाही. काही फरक पडतो का? (जरीपटका)

फार मोठा फरक पडतो, आणि विदर्भात हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. सिकलसेल आजार असलेल्या (म्हणजे ‘एसएस’ रिपोर्टच्या) माणसाला जी-सीएसएफ दिल्यास पांढऱ्या पेशी एकदम वाढून गंभीर, प्रसंगी जीवघेणा क्रायसिस (रक्तवाहिन्या तुंबून येणारा झटका) येतो. साध्या सॉल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका. तिच्यात वाहक आणि आजारी यांतला फरक कळत नाही. एचपीएलसी ही रक्ततपासणी करा आणि रिपोर्ट हेमॅटोलॉजिस्टना पहिल्याच भेटीत दाखवा. नुसते वाहक असाल तर बहुधा अडचण येत नाही.

सोबत हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणीही आवश्यक आहे. दबून राहिलेले दोन्ही आजार केमोनंतर डोकं वर काढतात.

मुलगी 27 वर्षांची, लग्न व्हायचंय. पुढे मूल होईल का? (हिंगणा रोड)

होऊ शकतं, पण खात्री देता येत नाही. सायक्लोफॉस्फामाइडने बीजांडं कमी होतात, आणि वय जितकं जास्त तितका पाळी कायमची थांबण्याचा धोका मोठा. पहिल्या केमोच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून बीजांडं गोठवून घ्या. त्याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, ते वेळापत्रकात आधीच धरा. पुरुष रुग्णांनी वीर्य साठवून ठेवावं.

प्रत्यारोपणानंतर एप्रिलमध्ये घरी येणार आहे. कूलर चालेल का? (इतवारी)

नाही. साचलेलं पाणी आणि ओल्या खसाच्या ताट्या यांत बुरशी वाढते, आणि अ‍ॅस्परजिलस फुफ्फुसात गेली तर या दिवसांत फार महागात पडतं. पण उकाडाही एमएसला सोसत नाही. तेव्हा फिल्टर धुतलेला एसी एका खोलीत तरी लावा. रस्ता खोदलेला असेल तिथून एन-95 मास्कशिवाय जाऊ नका.

पाणी उकळलेलं. तर्री-पोहे, बाहेरचा ज्यूस, कच्ची कोशिंबीर, वरून भुरभुरलेली कोथिंबीर काही महिने बंद. संत्रं धुऊन घरीच सोललेलं चालेल. नागिणीविरुद्धचं असायक्लोव्हिर साधारण वर्षभर आणि फुफ्फुसाच्या संसर्गाविरुद्धचं को-ट्रायमॉक्साझोल किमान सहा महिने चालतं. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडल्याने नागीण झालेले रुग्ण आम्ही पाहतो. लहानपणच्या लसींचं संरक्षण पुसलं जातं, त्यामुळे सहा महिन्यांनंतर निष्क्रिय लसी पुन्हा सुरू होतात. गोवर-गालगुंडाची जिवंत लस दोन वर्षांनंतरच, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. थायरॉइडची तपासणी दरवर्षी करा, कारण प्रत्यारोपणानंतर काहींना थायरॉइडचा नवा आजार होतो.

घरात थर्मामीटर हवाच. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट ताप आला तर क्रोसिन देऊन वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी केंद्राला फोन करून निघा.