न मागणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायचे कसे?

तुमचा प्रश्न मला असा समजला: विद्यापीठाने विविधता आणि समावेशन यांसाठी समिती नेमली आहे, प्रत्येक विभागाकडून आराखडा मागवला आहे आणि नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापक म्हणून तो लिहिण्याचे काम तुमच्या वाट्याला आले आहे. फलक, विशेष दिन आणि व्याख्याने यांपलीकडे एकट्या शिक्षकाच्या हातात खरोखर काय असते, आणि केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे. मी सव्वीस वर्षे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना संख्याशास्त्र शिकवले, त्यातली काही वर्षे विभागप्रमुख होतो आणि अशा दोन समित्यांवरही होतो. पुढे लिहिलेले त्या अनुभवातून आणि या विषयावरील काही अभ्यासांच्या वाचनातून आले आहे.

फलक आणि विशेष दिन यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ते जरूर करावेत, मात्र त्यांनाच आराखडा समजू नये. सक्तीच्या प्रशिक्षणवर्गांबाबत मी अधिक सावध आहे. समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांनी अमेरिकेतील कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून दाखवून दिले की अशा सक्तीच्या वर्गांनंतर व्यवस्थापनातील विविधता सहसा वाढत नाही, काही गटांच्या बाबतीत ती उलट घटते. मार्गदर्शक नेमून देण्यासारख्या साध्या उपायांचा परिणाम मात्र दिसतो. विद्यापीठ म्हणजे कंपनी नव्हे, हे मान्य. पण सहीपुरते सभागृहात बसलेले प्राध्यापक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मीही त्यांपैकी एक होतो.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळ्या ठिकाणी आहे. विद्यापीठातल्या कितीतरी मोलाच्या गोष्टी मागणाऱ्यालाच मिळतात: मुदतवाढ, शिफारसपत्र, प्रयोगशाळेतील उमेदवारी, प्रकल्पासाठी चांगला विषय, गुणांची फेरतपासणी, किंवा नुसता प्राध्यापकांचा अर्धा तास. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपण म्हणतो खरे, पण कोठे, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागायचे, हे घरातून शिकून आलेला विद्यार्थी आणि घराण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेला विद्यार्थी एकाच वर्गात बसलेले असतात. आपण दोघांनाही सारखेच वागवतो आणि त्यालाच न्याय समजतो.

मला हे उशिरा कळले. मुदतवाढ मागायला आलेल्याला मी सहसा नकार देत नसे आणि त्यामुळे स्वतःला उदार समजत असे. एका सत्राच्या अखेरीस नोंदवही सहज चाळताना लक्षात आले की मुदतवाढ घेणारे जवळजवळ सगळे विद्यार्थी माझ्याशी मोकळेपणाने बोलणारे, सुस्थित घरांतले होते. रात्रपाळीचे काम करून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र अर्धवट राहिलेले काम ठरल्या दिवशी जमा करून कमी गुण मुकाट्याने स्वीकारले होते. मी त्याला बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, मुदत वाढवून मागता येते हेच मला माहीत नव्हते.” पुढच्या सत्रापासून मी नियमच बदलला. प्रत्येकाला सत्रात दोनदा, प्रत्येक वेळी तीन दिवस, कारण न विचारता. माझ्या उदारपणाची त्यात गरज उरली नाही, आणि खरे सांगायचे तर माझे कामही कमी झाले, कारण दारात उभे राहून सांगितली जाणारी कारणे खरी की खोटी याचा निवाडा करण्यातून मी सुटलो.

तेव्हा तुमच्या आराखड्याची सुरुवात विभागातले अलिखित नियम लिहून काढण्यापासून व्हावी, असे मी सुचवेन. भेटीच्या वेळा दारावर लावलेल्या असतात, पण त्या वेळेत काय विचारायला यायचे असते हे कोठेही लिहिलेले नसते, आणि त्यामुळे बुजरा विद्यार्थी ती वेळ चूक झालेल्यांना बोलावण्यासाठी राखलेली आहे असे समजतो. मी पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याला दहा मिनिटांसाठी बोलावतो, दोघादोघांच्या जोड्यांनी. एकट्याने येण्याची भीती त्यामुळे कमी होते. शिफारसपत्र कोण मागू शकतो, किती दिवस आधी मागावे आणि सोबत काय द्यावे, हे एका पानावर लिहून सर्वांना दिले की मागणाऱ्यांची यादीच पालटते. प्रयोगशाळेत किंवा संशोधन प्रकल्पावर मदतनीस हवा असेल तर ओळखीतल्या हुशार मुलाला हाक मारण्याऐवजी जागा जाहीर करावी आणि निकष अर्ज उघडण्याआधीच ठरवावेत.

निकष आधी ठरवण्यावर माझा इतका भर का, ते सांगतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉरिन मॉस-राकुसिन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात विज्ञान विषयांच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवण्यात आला. काहींच्या प्रतीवर जॉन हे नाव होते आणि काहींच्या प्रतीवर जेनिफर. बाकी अक्षर न अक्षर सारखे असूनही जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला देऊ केलेला पगारही जास्त होता. असा कल पुरुष प्राध्यापकांइतकाच स्त्री प्राध्यापकांमध्येही आढळला. म्हणजे निवड करणाऱ्याचा हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही. जेथे शक्य असेल तेथे उत्तरपत्रिका नावाविना तपासाव्यात, तोंडी परीक्षेत सर्वांना समान कठीणपणाचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत, आणि गुण त्याच क्षणी नोंदवावेत. तोंडी परीक्षा हे या बाबतीतले सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे. अस्खलित बोलणे आणि विषय येणे यांतला फरक तेथे हमखास पुसला जातो.

आता वर्गाकडे वळू. येथे शिकवण्याची पद्धत हीच समावेशनाची पद्धत ठरते, आणि याला चांगला आधार आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ व्याख्याने होणाऱ्या वर्गांत नापास होणाऱ्यांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना तासातच विचार करायला, सोडवायला आणि एकमेकांना समजावायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधील विश्लेषणात पुढची पायरी दिसते: अशा वर्गांत, ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशा गटांतील विद्यार्थी आणि इतर यांच्यातील परीक्षेच्या गुणांची दरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्याची दरी ४५ टक्क्यांनी कमी झाली. मात्र वर्गाचा बराचसा वेळ जेथे अशा कामाला दिला गेला, तेथेच हा परिणाम ठळक होता; तासाच्या शेवटी पाच मिनिटांची चर्चा घडवून ही फळे मिळत नाहीत.

प्रश्न विचारल्यावर थांबणे ही त्यातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. मेरी बड रो यांनी शाळांमधील वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांब होतात व एरवी गप्प असणारी मुले बोलू लागतात. तीन सेकंद व्यासपीठावर किती लांब वाटतात, ते एकदा अनुभवून पाहा. दुसऱ्या टोकाला असतो तो वर्ग आपल्या उत्तरांनी व्यापून टाकणारा विद्यार्थी. अमेरिकेतील हार्वी मड कॉलेजातल्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रास्ताविक अभ्यासक्रमाची पुनर्रचना केली तेव्हा आधी प्रोग्रामिंग केलेल्यांची आणि न केलेल्यांची तुकडी वेगळी केली, आणि ज्ञान मिरवणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गात गप्प न करता एकांतात, आपुलकीने सांगितले की ही चर्चा आपण तासानंतर करू. इतर काही बदलांच्या जोडीने याचा परिणाम असा झाला की तेथे या विषयाच्या पदवीला असणाऱ्या मुलींचे प्रमाण २००६ च्या सुमारास दहा-बारा टक्के होते, ते काही वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. तुकड्या वेगळ्या करणे सर्वत्र शक्य नसते, पण एकांतातले ते संभाषण शक्य असते.

तुमच्या विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांना वाटते की या सगळ्याने दर्जा घसरेल, असेही तुम्ही लिहिले आहे. ही शंका टाळून पुढे जाऊ नका, कारण तिचे उत्तर उपलब्ध आहे आणि ते मला या सबंध विषयातले सर्वांत बोधक वाटते. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने मागे पडत होते. प्राध्यापकांना विचारल्यावर ठरावीक कारणे पुढे आली: जिद्द नाही, पूर्वतयारी नाही, घरून पाठबळ नाही. तेव्हा तेथे संशोधन करणाऱ्या उरी ट्रायझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो ते दीर्घकाळ जवळून पाहिले, आणि वरीलपैकी कोणतेही कारण टिकले नाही. पहिल्या गटातले विद्यार्थी मन लावून, पण बहुधा एकट्याने अभ्यास करत होते. दुसऱ्या गटातले एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत होते आणि इतरांना काय येते आहे हे त्यांना ठाऊक होते. ट्रायझमन यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. त्यांनी कठीण गणिते घेऊन गटाने झुंजण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांची ओळख दुर्बलांसाठीची मदत अशी न ठेवता उत्तम कामगिरीची अपेक्षा असलेल्यांचा उपक्रम अशी ठेवली. त्यात आलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीयरीत्या सुधारले. येथे दर्जा वाढवला गेला होता, हे सहकाऱ्यांना आवर्जून सांगा.

याच सूत्राचा दुसरा धागा उत्तरपत्रिकेवरील शेऱ्यात सापडतो. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी १९९९ मध्ये दाखवले की निबंधावरची टीका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तेव्हा पक्षपाती वाटली नाही, जेव्हा तिच्यासोबत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: आमची अपेक्षा उंच आहे, आणि तुम्ही तेथवर पोहोचू शकाल असे तुमचे लेखन वाचून वाटते. टीकेला केवळ कौतुकाची जोड किंवा नुसती लाल शाई यांतून तो परिणाम साधला नाही. मी त्यानंतर शेरे लिहिण्याची पद्धत बदलली; वेळ जास्त लागतो, हे कबूल करतो.

गट पाडताना एक काळजी घ्यावी. विद्यार्थ्यांना स्वतः गट करू दिले तर वसतिगृहातली आणि भाषेतली वर्तुळे तशीच गटांत उतरतात, आणि उरलेल्यांचा एक उरलेलाच गट तयार होतो. गट शिक्षकाने पाडावेत, आणि अल्पसंख्य असलेल्या विद्यार्थ्याला, निदान पहिल्या सत्रात, गटात एकटे पाडू नये. भूमिका आलटूनपालटून द्याव्यात, नाहीतर मुलींच्या वाट्याला अहवाल लिहिणे आणि मुलांच्या वाट्याला यंत्रे हाताळणे, ही वाटणी आपोआप होते.

अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी आगाऊ कराव्यात; प्रत्येक वेळी अर्ज आणि प्रमाणपत्र मागणे म्हणजे पुन्हा मागणाऱ्यालाच देणे. ध्वनिचित्रफितींना शब्दपट्टी, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या वाचनयंत्राला वाचता येतील अशा टिपणांच्या फाइली, आणि वेळेच्या दडपणाविना देता येईल अशी परीक्षा यांचा उपयोग कमी ऐकू येणाऱ्यांप्रमाणेच दुसऱ्या भाषेतून आलेल्यांनाही होतो.

माझी एक चूकही नोंदवतो. एका सामाजिक प्रश्नावरील आकडेवारी शिकवताना मी त्या समाजातल्या एका विद्यार्थिनीकडे वळून, सद्हेतूनेच, विचारले की तुमच्याकडे याविषयी काय वाटते. ती काहीतरी बोलली आणि पुढचे दोन आठवडे तासाला आली नाही. मी तिचे मत विचारले नव्हते. तिला एका सबंध समाजाच्या वतीने साक्षीला उभे केले होते. अशी माहिती हवी असेल तर शिक्षकाने वाचून यावे.

प्राध्यापकवर्गाबद्दल थोडे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या (एमआयटी) विज्ञान शाखेत १९९४ मध्ये कायम पदावरील १९४ पुरुषांच्या तुलनेत १५ स्त्रिया होत्या. जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांनी प्रयोगशाळांची जागा मोजपट्टी घेऊन मोजली, सहकारी स्त्रियांना एकत्र केले, आणि त्यातून निघालेला अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर संस्थेने असमानता मान्य केली. विभागात जागा, निधी, अध्यापनाचा भार आणि समित्यांची कामे यांचा साधा तक्ता करणे कोणालाही जमते. त्या तक्त्यात बहुधा असेही दिसेल की विविधतेची सगळी कामे अल्पसंख्य गटांतील प्राध्यापकांच्याच अंगावर पडली आहेत. अमादो पदिया यांनी १९९४ मध्ये याला सांस्कृतिक कर असे नाव दिले. हा आराखडा तुमच्याकडेच का आला, हा प्रश्न विभागप्रमुखांना विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि निदान त्याबदल्यात दुसरे एखादे काम कमी करून घ्यावे.

राहिला मोजण्याचा प्रश्न, आणि येथे माझ्यातला संख्याशास्त्रज्ञ जागा होतो. वर्गाच्या सरासरीवरून काही कळत नाही. पहिल्या चाचणीनंतर कोण गळाले, विषय कोणी सोडला आणि कोणते गट उत्तीर्णतेच्या सीमेवर अडकले ते पाहावे. एका सत्रातल्या लहान संख्यांवरून निष्कर्ष काढू नयेत. तीन-चार सत्रे एकत्र करावीत, आणि तक्त्याच्या ज्या चौकटीत चार-पाचच विद्यार्थी येतात ती चौकट अहवालात छापू नये, कारण त्यावरून व्यक्ती ओळखता येते. सहाव्या आठवड्यात नावाविना एक चिठ्ठी लिहून घ्यावी आणि पुढच्याच तासाला, काय बदलणार आहे आणि काय बदलणार नाही, हे कारणासह सांगावे. आराखड्यात नोंदवण्यासाठी पहिला आकडा विचाराल तर मी भेटीच्या वेळेत सत्रात एकदाही न आलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सुचवेन. ती मोजायला कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाही, आणि तुमच्या टेबलावरच्या वहीत ती बहुधा आत्ताही आहे.