नैराश्याची गोळी चालू असताना गुडघेदुखीवर काय घ्यावे?

प्रश्न : मी ६१ वर्षांची असून ठाण्यात नौपाड्याला राहते. नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी वर्षभर चालू आहे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती मुलगा स्टेशनजवळच्या दुकानातून आणतो. गुडघे दुखले की मी घराखालच्या मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम घेते. सूनबाई म्हणतात, दोन्ही एकत्र नकोत. त्या दिवशी नैराश्याची गोळी वगळली तर चालेल का?

उत्तर : सूनबाईंची शंका रास्त आहे, पण तुमचा तोडगा चुकीचा आहे. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना सेरोटोनिन हे रसायन लागते आणि एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांमुळे ते त्यांच्यात पुरेसे साठत नाही. दुसरीकडे कॉम्बिफ्लॅममधले आयब्युप्रोफेन, तसेच डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन ही औषधे जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. दोन्ही एकत्र आल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. साठीनंतर किंवा पूर्वी अल्सर झाला असल्यास तो अधिकच असतो. एखाद्या गोळीने बहुतेकांना काही होत नाही. काळजी आहे ती वरचेवर घेण्याची. एक दिवस गोळी वगळल्याने हा धोका टळत नाही, कारण औषध शरीरातून जायला काही दिवस लागतात. उलट चक्कर आणि बेचैनी मात्र होऊ शकते.

तुम्ही साधी पॅरासिटामॉल घेणे अधिक सुरक्षित. कॉम्बिफ्लॅमच्या पाकिटावर पाहिलेत तर ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिसेल. म्हणून तिच्या जोडीला पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतल्यास मात्रा नकळत वाढते. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा आजार, कमी वजन किंवा मद्यपान असल्यास मर्यादा डॉक्टरांना विचारून ठरवावी. कोणाकडे उरलेली ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनाशामक गोळी तर घेऊच नका. एस्सिटालोप्रॅमसोबत तिच्यामुळे सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढू शकते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषधही विचारूनच घ्यावे.

दोन दुकानांतून औषधे आणण्यामागचा संकोच मी समजू शकतो, पण त्यामुळे घराखालच्या फार्मासिस्टला अर्धीच माहिती मिळते. दोन्ही चिठ्ठ्या त्यांना दाखवा. आयब्युप्रोफेन घेणे भागच असेल, तर डॉक्टर जठराच्या रक्षणासाठी पॅन्टोप्राझोल सुचवू शकतात. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निर्णय घरी घेऊ नका.